शर्मन रणगाड्याच्या बाहेरचं सामान आत कुठे जायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रणगाड्यांची मॉडेल्स बनवणाऱ्या मंडळींकडून तेच तेच प्रश्न येत राहतात. हेडलाइट लावू की नको, मशीनगन कुठे ठेवू, ड्रायव्हरच्या डोक्यावरचं ते तंबूसारखं काय आहे वगैरे. म्हटलं एकदाच बसून लिहून टाकू. खाली जे आहे ते सगळं अमेरिकन एम४ शर्मनबद्दल, म्हणजे १९४२ ते १९४५ मधल्या. दुसऱ्या रणगाड्याला जसंच्या तसं लावू नका, फसाल.

बाहेरच्या वस्तू काढून आत ठेवायची गरजच काय होती?

तीन कारणं, आणि तिन्ही एकमेकांत अडकलेली. पहिलं म्हणजे लढाईत रणगाड्याच्या अंगावर जे काही नाजूक असतं ते टिकत नाही, गोळ्या लागतात, तोफगोळ्यांचे तुकडे उडतात, झाडाच्या फांद्या ओरबाडतात, आणि हे शत्रूचंच काम असतं असंही नाही, स्वतःची तोफ खाली वाकवून पुढे मारली तरी तिच्या दणक्याने काच तडकू शकते. दुसरं, काच चमकते, सकाळच्या उन्हात लांबून दिसते. तिसरं कारण कुणी सांगत नाही पण सगळ्यांना माहीत असतं, बाहेर राहिलेली चांगली वस्तू रात्रीतून गायब होते. कुठल्याही सैन्यात होते.

पण आत ठेवायचं म्हणजे कुणाची तरी जागा घ्यायची, खरी भानगड तिथे आहे.

सुट्ट्या वस्तू म्हणजे नेमक्या कुठल्या?

दोन हेडलाइट, त्यांच्या जोडीचा ब्लॅकआउटचा (म्हणजे शत्रूला दिसू नये असा मंद) दिवा, टरेटच्या, म्हणजे तोफ बसवलेल्या फिरत्या घुमटाच्या, छतावर बसवायचा स्पॉटलाइट, आत बसून बाहेर बघायचे पेरिस्कोप, अँटेनाचे तुकडे, छतावरची पन्नास कॅलिबरची मशीनगन, ड्रायव्हर आणि त्याच्या शेजाऱ्याची पावसाळी हूड, तोफेच्या तोंडाची आणि मशीनगनची कॅनव्हासची कव्हरं, सिग्नलचे झेंडे, विमानांना ओळख पटावी म्हणून पसरायचं रंगीत कापड, आणि ट्रॅकला चिखलात पकड यावी म्हणून लावायचे लोखंडी ग्राउझर. यातलं सगळंच आत जात नसे. काय जायचं आणि काय नाही ते पुढे येतंय.

हेडलाइट खरंच काढता यायचे? स्क्रू खोलत बसायचं का?

स्क्रूबिक्रू काही नाही, आणि मला शर्मनमधली ही गोष्ट भयंकर आवडते. पुढच्या चिलखताला भोक पाडून त्यात एक नळीसारखं सॉकेट बसवलेलं असायचं. हेडलाइटला खाली दांडा, तो दांडा बाहेरून सॉकेटमध्ये सारायचा, आतल्या माणसाने आतून पकड घट्ट करायची की दिवा बसला. वीज पण त्याच दांड्यातून, बाहेर वायर लोंबत नाही. काढताना उलट, आतून पकड सोडवायची आणि बाहेरून दिवा उचलायचा.

आता दिवा काढला की चिलखताला उघडं भोक राहणार, त्यातून पाणी येईल, चिखल येईल, गोळीचे तुकडे येतील. म्हणून प्रत्येक सॉकेटचा एक धातूचा प्लग, बुचासारखा, बारीक साखळीने तिथेच बांधलेला. दिवा जागेवर असताना हा प्लग शेजारच्या छोट्या नळीवजा होल्डरमध्ये झोपलेला असतो, आणि नंतरच्या गाड्यांवर तो होल्डर हेडलाइटवरच्या लोखंडी संरक्षक जाळीलाच वेल्ड केलेला दिसतो. दिवा आत गेला की प्लग होल्डरमधून निघून सॉकेटमध्ये. काढलेले दिवे आतल्या ब्रॅकेटवर अडकवायचे. तसेच कुठेतरी टाकून दिले तर पहिल्या खड्ड्यात काच गेली समजा.

मॉडेलवर हेडलाइट लावू की प्लग?

दोन्ही चालेल, फक्त दोन्ही एकाच सॉकेटमध्ये नको. हे सांगतोय कारण मी केलंय. माझ्या पहिल्या १:३५ स्केलच्या (खऱ्याच्या पस्तीसाव्या हिश्श्याच्या) शर्मनवर मी मोठ्या हौसेने हेडलाइट चिकटवले, मग किटमध्ये ते इवलेसे प्लग उरलेले दिसले, मला वाटलं हे पण कुठेतरी पुढेच लागत असणार, म्हणून हेडलाइटच्या बुडाशी चिकटवून टाकले आणि रंगवून कपाटात ठेवलं. दोन वर्षं कुणी काही बोललं नाही. मग आमच्या ओळखीतले एक रिटायर्ड दफेदार, आयुष्य रणगाड्यात गेलेलं, चहाला आले, कपाटाजवळ उभे राहिले, बोट ठेवलं आणि विचारलं की दिवा बसलेला असताना बूच कशाचं मारलंय? शर्मन त्यांच्या वेळचा नव्हताच, पण बघताक्षणी कळलं त्यांना.

नियम सोपा आहे. रस्त्याने मार्च चाललाय, पाठीमागच्या भागात गाडी उभी आहे, ट्रेनिंग आहे, तर हेडलाइट बाहेर आणि प्लग होल्डरमध्ये. पुढे लढाईत आहे तर दिवे आत, प्लग सॉकेटमध्ये, वरची लोखंडी जाळी मात्र तशीच रिकामी उभी. मला ती रिकामी जाळीच जास्त आवडते. आणि हो, लढाईतल्या फोटोतही हेडलाइट लावलेले शर्मन दिसतात, सगळेच क्रू शिस्तीचे नव्हते.

आत जागा किती होती?

बाहेरून बघून वाटतं तेवढी अजिबात नाही. तीस टनांच्या आसपासची गाडी, आत पाच माणसं. टरेटमध्ये कमांडर, गनर, लोडर आणि पुढे खाली ड्रायव्हर आणि त्याच्या शेजारी मशीनगनवाला. शिवाय पंच्याहत्तर मिलिमीटर तोफेचे गोळे, साध्या एम४ मध्ये ९७, एम४ए१ या प्रकारात ९०. एकेक गोळा साधारण ९ किलोचा आणि दोन फुटांहून लांब. त्यात मशीनगनच्या हजारो गोळ्यांचे पट्टे डब्यात भरून. टरेटच्या मागच्या पोटात वायरलेस सेट. पाण्याचे डबे, रेशन, फर्स्ट एड, आग विझवायचे सिलिंडर, पाच माणसांचे पाच कोट. एवढं झाल्यावर मग हेडलाइटची पाळी.

सामान ठेवायची मुख्य जागा म्हणजे स्पॉन्सन. ट्रॅकच्या वर, गाडीच्या दोन्ही कुशींना, आतून बघितलं तर माळ्यासारखी लांबलचक जागा. आपल्या घरात माळ्याचं जे होतं तेच तिथे व्हायचं.

मग गोळे खाली हलवल्यावर जागा वाढली का?

वाढली, आणि यामागची गोष्ट जरा गंभीर आहे. सुरुवातीच्या शर्मनमध्ये बरेचसे गोळे याच स्पॉन्सनमध्ये असायचे, म्हणजे गाडीच्या कुशीत, अगदी मार लागतो तिथेच. चिलखत भेदलं गेलं की दारूगोळा पेटायचा. १९४४ मध्ये नवी रचना आली, गोळे स्पॉन्सनमधून काढून तळाशी नेले आणि रॅकच्या भोवती पाण्याच्या मिश्रणाचे कप्पे ठेवले, त्यालाच वेट स्टोवेज म्हणतात. अमेरिकन सैन्याच्या १९४५ च्या अभ्यासात जुन्या रचनेच्या गाड्या भेदल्या गेल्यावर ६० ते ८० टक्के पेटत होत्या, नव्या रचनेच्या १० ते १५ टक्के. पाण्यापेक्षा गोळ्यांची जागा बदलल्याचाच फायदा जास्त झाला असं बहुतेक जाणकार मानतात आणि मलाही ते पटतं.

यात आपल्या कामाची गोष्ट अशी की स्पॉन्सनचे माळे मोकळे झाले आणि पेट्या, कव्हरं, सुट्टे पार्ट ठेवायला तिथे जागा आली. त्यामुळे आतली सजावट करणार असाल तर आधी बघा तुमची गाडी जुन्या रचनेची आहे का नव्या. नव्या रचनेच्या गाडीच्या स्पॉन्सनमध्ये गोळ्यांचे रॅक लावलेत तर ते चूकच.

टरेट फिरतं तेव्हा आतल्या सामानाचं काय होतं?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात, खरं तर पहिला हाच विचारायला पाहिजे. टरेटमधली तिघं टरेटलाच खाली टांगलेल्या एका गोल पिंजऱ्यात असतात, त्याला बास्केट म्हणतात, टरेट फिरलं की हा सगळा पिंजरा माणसांसकट फिरतो. हल, म्हणजे गाडीचं खालचं धड, मात्र जागच्या जागी. म्हणजे हलच्या भिंतीला अडकवलेली वस्तू तोफ पुढे असताना तुमच्या हाताशी असते आणि तोफ उजवीकडे वळली की तिथे भलतंच काहीतरी येतं. सुरुवातीच्या बास्केटला बाजूने जाळी होती, ठरावीक फटीतूनच पलीकडे हात घालता यायचा. नंतर ती जाळी कमी केली, पुढे बास्केटही छाटली.

सगळ्यात वाईट म्हणजे सुटी वस्तू. एखादा पाना, झेंड्याची काठी, हेडलाइट, काहीही नीट न बांधता हलच्या कडेला ठेवलं, गाडी हलली, ते घसरून बास्केट आणि हलच्या मध्ये आलं, की टरेट अडकलं. तोफ फिरत नसलेला रणगाडा म्हणजे काय ते सांगायला नको. म्हणून जिकडे तिकडे पट्टे, बकलं, क्लिपा आणि ब्रॅकेट. शोभेसाठी नाहीत ते.

आणखी एक, पुढच्या मशीनगनवाल्याच्या सीटमागे हलच्या तळाला सुटकेचं झाकण असतं. त्याच्यावर सामान रचायचं नाही, कितीही सोयीचं वाटलं तरी.

छतावरची पन्नास कॅलिबरची मशीनगन आत ठेवायची का?

ठेवावी असं वाटतं, पण जरा मापं बघा. ब्राउनिंगची ही गन नळीसकट ३८ किलोच्या आसपास, लांबी साधारण १६५ सेंटिमीटर, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम उंचीच्या माणसाएवढी. एकटी नळीच ११४ सेंटिमीटर आणि ११ किलो. अशी वस्तू हॅचमधून, म्हणजे चढण्या-उतरण्याच्या झाकणातून, आत उतरवायची, तीही सुरुवातीच्या पंच्याहत्तर मिलिमीटर तोफेच्या टरेटमध्ये, जिथे तिघांना मिळून छताला एकच हॅच होतं, लोडरचं वेगळं हॅच १९४३ च्या शेवटाकडे आलं. म्हणून यावर उत्तर काढलं ते टरेटच्या बाहेरच, मागच्या बाजूला ब्रॅकेट लावून. नळी वेगळी करायची, गन तिथे आडवी अडकवायची, वर कॅनव्हास.

ही गन विमानं पाडायला दिलेली. १९४४ च्या उन्हाळ्यात फ्रान्समध्ये दोस्तांची विमानं डोक्यावर एवढी असायची की पाडायला फारसं काही उरलंच नव्हतं, मग ती पायदळावर आणि झाडीवर वापरली जायची. अडचण अशी की तिचा खांब छतावर मागच्या अंगाला, त्यामुळे पुढे मारायचं तर बऱ्याचदा माणसाला टरेटबाहेर येऊन इंजिनच्या झाकणावर उभं राहावं लागे. अमेरिकन सैनिक ऑडी मर्फीने २६ जानेवारी १९४५ ला फ्रान्समधल्या होल्ट्सविरजवळ जे केलं ते शर्मनवर नाही, त्याच्याच चासीवर बनलेल्या एम१० या रणगाडाविरोधी गाडीवर, पण पेटलेल्या गाडीवर उघड्यावर उभं राहून पन्नास कॅलिबर चालवणं म्हणजे किती उघडं पडणं ते त्यावरून कळतं. ब्रिटिश क्रू तर बऱ्याचदा ही गन लावतच नसत, फांद्यांत अडकते आणि कमांडरच्या डोळ्यासमोर येते. ब्रिटिश शर्मन बनवत असाल तर गन नसली तरी चालतं, उलट टरेटच्या मागे सामानाची मोठी पेटी लावा, ती त्यांची खूण.

ड्रायव्हरच्या हॅचवरचं ते तंबूसारखं काय असतं?

पावसाळी हूड. ड्रायव्हर हॅच उघडून डोकं बाहेर काढून गाडी चालवतो तेव्हा पाऊस, धूळ, थंडी तोंडावर, म्हणून कॅनव्हासचं सुटं हूड, पुढे काच, काचेला वायपर. मला पहिल्यांदा कळलं तेव्हा हसूच आलं, तीस टनी रणगाड्याला मारुतीसारखा वायपर! पण तासन् तास पावसात ताफ्यातून गाडी चालवायची म्हटल्यावर ते हसू राहत नाही. लढाईची वेळ आली की हूड काढून घडी करून आत, आणि हॅच बंद. हूड लावलेलं असताना हॅच बंद करताच येत नाही, त्यामुळे मॉडेलवर हूड आणि बंद हॅच एकत्र दाखवू नका.

पेरिस्कोप पण सुट्टे होते?

हो, आतून खाली ओढून निघायचे. वरचं टोक गोळीने फुटलं की अख्खा पेरिस्कोप ओढून काढायचा आणि आतल्या डब्यातला दुसरा सारायचा, बाहेर डोकं काढायची गरज नाही. डिझाइन करणाऱ्याने क्रूचा विचार केल्याचं हे चांगलं उदाहरण. सुटे पेरिस्कोप गाडीत बरेच असायचे, काचेची वस्तू म्हणून त्यांना चांगली जागा मिळायची.

अँटेना?

बूड टरेटच्या मागे पक्कं, वरची काठी तुकड्यातुकड्यांची, एकात एक स्क्रू होणारी. जास्तीचे तुकडे कॅनव्हासच्या गुंडाळीत. फांद्यांमुळे मोडायच्या म्हणून जास्तीचे लागायचेच.

मग फावडं, कुऱ्हाड, टोइंगची तार हे आत का नाही?

कारण ते मोडत नाही. गोळी लागली तरी फावडं फावडंच राहतं. शिवाय ते वापरायचं बाहेर, चिखलाने माखलेलं, ते आत कोण घेणार. त्यामुळे सगळी अवजारं बाहेर क्लॅम्पला पट्ट्याने बांधलेली.

ग्राउझर कुठे ठेवायचे?

हे लोखंडी दात, बर्फात आणि चिखलात ट्रॅकला जोडायचे. मागे इंजिनच्या दोन्ही बाजूंना त्यांचे स्वतंत्र कप्पे होते, वरून झाकण. म्हणजे चिलखताच्या आत पण माणसांपासून लांब, ही जागा अगदी योग्य. मॉडेलवर इंजिनच्या जाळीशेजारी ती दोन छोटी झाकणं दिसतात ना, तेच. मी बरीच वर्षं त्यांना पेट्रोलची झाकणं समजत होतो.

ताडपत्री, बिछाने, ते गुलाबी कापड?

ताडपत्री आणि बिछान्याच्या वळकट्या बाहेरच, आत ठेवल्या तर तोफेला गोळा भरायला जागा उरणार नाही. पावसाने भिजायच्या, तुकड्यांनी फाटायच्या, आणि क्रू त्या फाटक्या अंथरुणात झोपायचे. विमानांसाठीचं भडक गुलाबी नाहीतर पिवळं कापड इंजिनच्या झाकणावर पसरलेलं असायचं. हे मात्र आत ठेवून विसरायची चैन नव्हती, स्वतःचंच थंडरबोल्ट विमान तुम्हाला जर्मन समजून खाली सूर मारेल. शत्रूची विमानं आसपास असली तर उलट, पटकन गोळा करून आत. म्हणून ते हाताशी पाहिजे, माळ्याच्या तळाशी नाही.

नॉर्मंडीच्या फोटोत मागे दोन धुरांड्यांसारखं असतं, तेही आत जायचं?

नाही. खोल पाण्यातून किनाऱ्यावर येताना इंजिनला हवा मिळावी आणि धूर बाहेर जावा म्हणून लावलेले ते पत्र्याचे डक्ट. काम झालं की सोडून टाकायचे. एवढी मोठी वस्तू आत जाणं शक्यच नाही.

आपल्याकडच्या लोकांनी शर्मन वापरला का?

वापरला तर. १९४५ च्या सुरुवातीला ब्रह्मदेशात इरावती नदी ओलांडून मेइक्तिला शहरावर धडक मारली त्यात २५५ व्या इंडियन टँक ब्रिगेडचे शर्मन होते, डेक्कन हॉर्स आणि प्रोबिन्स हॉर्स या रेजिमेंट त्यातच. तिथली अडचण युरोपपेक्षा वेगळी. जपानी सैनिक रणगाड्याच्या अगदी जवळ यायचे, मेइक्तिलाला खड्ड्यात विमानाचा बॉम्ब मांडीत घेऊन बसलेले सैनिक सापडल्याच्या नोंदी आहेत. अशा ठिकाणी रणगाड्याच्या अंगावर लोंबणारी प्रत्येक वस्तू म्हणजे चढणाऱ्याला आयती पकड. आणि आत सामान कोंबावं तर उन्हाळा तोंडावर आलेला, लोखंड तापलेलं. डेक्कन हॉर्सने १९६५ च्या पाकिस्तान युद्धात पंजाबातल्या असल उत्तरच्या लढाईलाही शर्मनच नेले होते, तोपर्यंत गाडीचं वय वीसच्या पुढे.

जुने रणगाडे जवळून बघायचे तर नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, कॅव्हलरी टँक म्युझियमला जा, १९९४ पासून आहे. जाताना टोपी न्या आणि नुसता तोफेसमोर सेल्फी काढून परत येऊ नका. गाडीच्या अंगावरचे छोटे छोटे लोखंडी तुकडे बघा, कुठे क्लॅम्प, कुठे पट्ट्याची खाच, कुठे रंगाने बुजलेलं भोक. प्रत्येकाला काहीतरी अडकवलेलं असायचं. मी एकदा अर्धा तास एकाच ब्रॅकेटपुढे उभा होतो, बायको तोपर्यंत बाहेर जाऊन ऊसाचा रस पिऊन आली.

हॅच उघडं ठेवून आतलं दाखवायचंय, किमान काय दाखवू?

शर्मनचा आतला भाग पांढरा असतो, अंधारात दिसावं म्हणून. त्यामुळे बाहेरून आत आलेली वस्तू लगेच वेगळी ओळखू येते, कारण ती बाहेरच्या ऑलिव्ह ड्रॅबचीच, म्हणजे मळकट हिरव्या लष्करी रंगाचीच, राहते. हूडची खाकी घडी, पट्ट्याने आवळलेली. पेरिस्कोपचा एखादा डबा. आणि पुढे सॉकेटमध्ये प्लग मारला असेल तर आत पांढऱ्या भिंतीला हिरवा हेडलाइट, काच आतल्या बाजूला वळवलेली, दांड्याला थोडा वाळलेला चिखल.

चिखल अगदी थोडाच लावा, मी पहिल्या वेळी जास्त लावला आणि ते दिव्यापेक्षा बटाट्यासारखं दिसायला लागलं.